त्सोन्काआजीचा पोहण्याचा तलाव

प्लोव्दिव, ४ ऑक्टोबर २०१९

वेलिच्कोमामा,

बसवाल्याने तिन्ही बरण्या धडधाकट पोचवल्या. लाल मिरचीची ल्युतेनित्सा मी त्याच दिवशी पावाला फासून निम्मी संपवली, नवऱ्याला वासही लागू दिला नाही. रिकाम्या बरण्या परत पाठवीन, ओरडू नकोस.

आता कामाचं. गाइदा बनवायला-वाजवायला शिकवणारी तुझी साइट मी रोज बघते. शेळीच्या कातड्याची पिशवी कशी शिवायची, नळी कशी कोरायची, फुंकलेली हवा कुठून गळते, झकास लिहितोस तू. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच जण तिथल्या जाहिरातींवर क्लिक करायचे. सप्टेंबरपासून रोज तीस-चाळीस! पहिल्या दिवशी मी खुर्चीतून उठून नाचले. दुसऱ्या दिवशी आकडे नीट बघितले आणि नाच थांबला. कारण हे सगळे क्लिक सकाळी साडेसात ते आठच्या मध्ये, सगळे तुमच्या कामेन्दोलमधून, आणि सगळे वाचनघरातल्या त्या एकाच कंप्युटरवरून! अरे, गावात माणसं त्रेसष्ट, आणि त्यातली निम्मी तू गाइदा फुगवलीस की खिडक्या लावून घेतात.

मला गांचोचा संशय आहे. त्याचं दुकान वाचनघराला खेटून, किल्ली त्याच्याकडे, आणि अक्रोडाच्या झाडावरून तुमचं बोलणं अकरा वर्षं बंद. एखाद्याचं खातं बंद पाडायचं तर लोक असेच खोटे क्लिक करतात. क्लिकमागे पैसे देणाऱ्या जाहिरात कंपनीचा नियम सरळ आहे: मालकाने आपल्या पानावरच्या जाहिरातीला हात लावायचा नाही, आपल्या माणसांना लावू द्यायचा नाही, आणि कोणाला "लाव" म्हणायचं तर मुळीच नाही.

नगरपालिकेने वाचनघराची लाकडं बंद केली, हे तू आणि मी सोडून कोणाला ठाऊक नाही. जाहिरातीचे पैसे या महिन्यात आले नाहीत, तर सव्वीस तारखेच्या दिमित्रोव सणाला शेगडी पेटणार नाही, आणि गाण्याच्या खोलीला एप्रिलपर्यंत कुलूप. मग त्सोन्काआजी आणि तिच्या सात जणी कुठे गाणार? म्हणून जिवावर येऊन विचारते, गावात काय चाललंय?

तुझी स्नेझिना


कामेन्दोल, ९ ऑक्टोबर

स्नेझिना बाळ,

ल्युतेनित्सा नवऱ्याला दिली नाहीस, बरं केलंस. लग्नात माझ्या गाइदावर जांभया देणारा माणूस तो.

गांचोचं म्हणशील तर तो माणूस काहीही करेल. अक्रोड माझ्या आजोबांनी लावला, फांद्या त्याच्या अंगणात गेल्या म्हणून अक्रोडही त्याचे? पण बाई, पुराव्याशिवाय मी कोणाचं नाव घेत नाही. तू घेतलंस, ते तुझं तू बघ.

माझ्याबद्दल निर्धास्त राहा. तू सांगितल्यापासून मी एकाही जाहिरातीला बोट लावलेलं नाही. आईशप्पथ! परवा तर पाण्याच्या पंपाची इतकी चांगली जाहिरात आली, जीव तुटला, पण हात मागे बांधून बसलो.

एक आपलं सहज विचारतो. समज, एखाद्या शेजारणीने नुसत्या मायेपोटी, कुणी न सांगता, सकाळी येता-जाता एकदा बोट टेकवलं, तर तेही मोजतात का? सहजच हं.

शेगडीची चिंता करू नकोस. या महिन्यात एवढे पैसे येतील की लाकडं ठेवायला जागा पुरणार नाही. कोणाला कळायचंही नाही की नगरपालिकेने हात वर केले होते. वाचनघराचा सचिव आहे मी, गावापुढे हात पसरणार नाही.

तुझा मामा


प्लोव्दिव, १४ ऑक्टोबर

मामा,

"सहजच हं" वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. तुझं "सहज" मला लहानपणापासून माहीत आहे. आईचं कपाट रंधा मारून छोटं केलंस, तेव्हाही आधी सहजच विचारलं होतंस.

मी साइटची सगळी पानं उघडून पाहिली. पिशवीला चरबी कशी चोळायची त्या पानाच्या तळाशी तू काय लिहून ठेवलंयस? "पाहुण्या, शेजारच्या जाहिरातीला हात लावल्याशिवाय जाऊ नकोस. रित्या हाताने जाणं बरं नव्हे." आणि वर लाल बाण! जाहिरातीकडे तोंड करून! मामा, हा एकच बाण खातं बंद करायला पुरेसा आहे. मी बाण काढला, वाक्य काढलं. "लवकरच लिहितो" एवढंच लिहून सोडलेली दोन पानं होती, त्यांवरच्या जाहिरातीही काढल्या. वाचायला काही नसेल तिथे जाहिरात लावायची नसते.

आणि हो, शेजारीण मायेने करो की मत्सराने, मोजतात. कंपनीला माया दिसत नाही, तिला फक्त बोट दिसतं.

आता खरं सांग. गांचो नाही ना?

स्नेझिना


कामेन्दोल, २२ ऑक्टोबर

बाळ,

नाही, गांचो नाही. त्रेसष्ट माणसांत बोट न लावणारा तो एकटाच.

सगळं सांगतो, मध्ये बोलू नकोस. सप्टेंबरच्या सुरुवातीला पावाच्या गाडीची वाट बघत आम्ही सगळे वाचनघरापाशी उभे होतो. गाडी साडेसातला येते म्हणतात, येते आठला. त्सोन्काआजी म्हणाली, "वेलिच्को, कंप्युटरात दुकान उघडलंस म्हणे. बोहनी कोणी केली?" मी म्हटलं, अजून कोणीच नाही. "अरे देवा! बोहनीशिवाय दुकान?" म्हणत ती आत आली, रुमालाने बोट पुसलं आणि पहिल्या जाहिरातीवर टेकवलं. त्याच दिवशी दुपारी ऑस्ट्रेलियातून एका माणसाचं पत्र आलं, की तुमचं वाचून माझी गाइदा वाजली!

झालं! त्सोन्काचं बोट लाभतं, हे गावभर. मग तिच्या सात जणींतली पेंका म्हणाली, "माझं बोट काय पांगळं आहे?" तिच्यामागे बाकीच्या. पावाची रांग आणि बोटांची रांग एकच झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून सकाळी माझ्या दारात इतकी माणसं कधी आली नव्हती. बाण मीच लावला, म्हाताऱ्यांना जाहिरात सापडेना म्हणून.

तुझं पत्र आल्यावर मी त्यांना सांगितलं, बंद करा.  मग पेंका म्हणाली, "चला गं, वेलिच्को आता मोठा माणूस झाला, आपली बोहनी चालत नाही त्याला." दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, आणि या मागच्या दाराने आत शिरून राहिलेल्या दिवसांचंही भरून काढून गेल्या! वर संध्याकाळी मला चीज भरून भाजलेली बानित्सा आणून दिली, रुसवा सोड म्हणून.

आता तूच सांग, प्रेमाला नाही म्हणायचं कसं?

मामा


प्लोव्दिव, २८ ऑक्टोबर

मामा,

खातं बंद झालं.

शुक्रवारी कळवलं कंपनीने. या महिन्याचे पैसे येणार नाहीत. ज्यांनी जाहिराती दिल्या होत्या त्यांना ते परत जाणार. फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण एकदाच. तो फेटाळला तर संपलं.

मी रागावले आहे, आणि राग कोणावर काढू ते कळत नाही. रुमालाने बोट पुसून येणाऱ्या म्हातारीवर कसा काढणार? सणाला शेगडी पेटली नसेल ना? कुठे बसल्या सगळ्या? मी थोडे पैसे पाठवते म्हटलं तर तू चिडणार. चीड, पण पाठवू दे.

अर्ज मात्र तू एकट्याने लिहू नकोस, हात जोडते. "शत्रूंनी केलं" वगैरे लिहिलंस तर मी बसने येऊन तुझी गाइदा फोडीन.

स्नेझिना


कामेन्दोल, ७ नोव्हेंबर

स्नेझिना, माझ्या सोन्या,

बस आधी. चहा घे. मग वाच.

तुझं पत्र खिशात घेऊन मी आठवडाभर फिरलो. खोलीला कुलूप लावलं, आणि बायकांना सांगितलं की शेगडीचं धुराडं तुंबलंय.  शुक्रवारी त्सोन्का तालमीच्या वेळेला आली, कुलपाला हात लावून बघितला आणि परत गेली. एक्याऐंशी वर्षांची बाई, चढ चढून! मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जायची हिंमत झाली नाही माझी.

काल सकाळी पावाच्या गाडीमागून एक पांढरी गाडी आली. त्यातून एक तरणाबांड माणूस उतरला, हातात फीत, वही, पायात शहरी बूट. म्हणाला, "त्सोन्का बाईंचं घर कुठलं? पोहण्याच्या तलावासाठी जागा मोजायला आलोय."

आम्ही त्याच्याकडे बघतोय, तो आमच्याकडे. वरून बर्फ भुरभुरतंय.

झालं होतं असं, की त्सोन्का नुसतं बोट टेकवून थांबली नव्हती. बागेत पोहण्याचा तलाव बांधून देणाऱ्यांची ती जाहिरात उघडली, की पुढे नाव, फोन, गाव, बागेचं माप विचारायचे. तिने सगळं पेंकाकडून भरून घेतलं. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, "कोणाच्या दारात जायचं आणि नाव न सांगता परतायचं? आमच्यात अशी रीत नाही."

त्या माणसाचं नाव स्टामेन. पाझार्जिकला तो आणि त्याचा भाऊ, दोघांचंच काम. म्हणाला, "गेल्या महिन्यात या एका गावातून आमच्या जाहिरातीवर दोनशे वेळा क्लिक झालं. भावाला म्हटलं, सगळा डोंगर पोहायला निघालाय, मी जाऊन बघतो." आणि मग हसत हसत म्हणाला, "वर्षभराचे जाहिरातीचे पैसे तुमच्यावरच संपवले हो!"

पेंका म्हणाली, "म्हणजे? पैसे तू देतोस? आम्ही बोट लावलं की तुझे जातात?"

"मग कोणाचे जाणार, आजी?"

बाळ, सगळ्या आपापल्या बोटांकडे बघू लागल्या. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, पैसे त्या कंप्युटरातूनच येतात, नळातून पाणी येतं तसे. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला पातळ बुटांतला हा पोरगा उभा असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्सोन्काने एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाली, "किती झाले माझे? सांग." तो घेईना. मी सांगितलं, कंपनी परत करणार आहे तुझे पैसे, माझ्या भाचीने लिहिलंय. तेव्हा कुठे तिने पाकीट ठेवलं. मग त्याला आत नेऊन बानित्सा, घेवड्याची भाजी, दही, पुन्हा बानित्सा. बिचारा कमरेचा पट्टा सैल करून बसला.

आणि मग त्सोन्का माझ्याकडे वळली. "आता तू बोल. आपल्याला कधी कोणाची पै नको होती. तुला कशाला हवे होते हे पैसे?"

मी सांगून टाकलं. नगरपालिका, लाकडं, कुलूप, तुंबलेलं धुराडं, सगळं. परक्या माणसासमोर, डोळे पुसत.

तिने डोळे पुसायला आपला रुमाल माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "मेल्या वेलिच्को! दोन महिने आमची बोटं मागत बसलास. लाकडं मागितली असतीस तर गाडाभर दिली असती."

आज सकाळी सहाला धडाम आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर गांचो! बीच झाडाचे ओंडके माझ्या दारात ओततोय. अकरा वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने. "तुझ्यासाठी नाही, त्सोन्कासाठी आहेत." मी विचारलं, तू एकदाही बोट का नाही लावलंस? म्हणाला, "चाळीस वर्षं दुकान चालवतोय. माल चिवडून न घेता जाणाऱ्यांची गर्दी मला कळते. त्यापेक्षा रिकामं दुकान बरं." शहाणा आहे हलकट.

दुपारपर्यंत त्रेसष्ट माणसांच्या गावात अठ्ठावीस घरांची लाकडं आली. जागा पुरली नाही, खरंच. शेगडी पेटलीय, आत गाणं चाललंय, आणि मी हे लिहितोय.

तुझा, थोडा शहाणा झालेला,
मामा


प्लोव्दिव, १३ नोव्हेंबर

मामा,

मी ऑफिसात वाचत होते. तलावापर्यंत इतकी हसले की शेजारची बाई पाणी घेऊन आली, आणि लाकडांपर्यंत येईस्तोवर ते पाणी मला रडण्यासाठी लागलं.

कोणाची पै नको असलेल्या गावाला आता माझे पैसे पाठवत नाही. गांचोला माझ्याकडून माफी माग. मोठ्याने, दुकानात, गिऱ्हाईक असताना.

अर्ज आता तूच लिही. मला भीती नाही वाटत. कोणी केलं, का केलं, तुझी चूक काय, आणि यापुढे काय करणार, एवढंच. काही लपवू नकोस. आणि तो कंप्युटर पावाच्या वेळेला बंद ठेव.

स्नेझिना


कामेन्दोल, १७ नोव्हेंबर

बाळ,

अर्ज पाठवला. नक्कल तुझ्यासाठी उतरवतो:

"मी वेलिच्को, वय एकाहत्तर, गाइदा बनवतो. माझ्या साइटवरचे खोटे क्लिक माझ्या गावाने केले, आणि ते मी करू दिले. बाण मी लावला होता. शेजाऱ्यांना वाटलं ते माझ्या दुकानाची बोहनी करतात. मला ठाऊक होतं की हे नियमात नाही, तरी मी गप्प बसलो, कारण मला त्यांची सोबत आवडत होती. ज्याचे पैसे गेले तो माणूस आमच्याकडे येऊन जेवून गेला, आणि आम्हाला लाज वाटली. आता कंप्युटर पाव वाटून झाल्यावर उघडतो. साइटवर कोणाला काही करायला सांगत नाही, फक्त गाइदा शिकवतो. खातं दिलंत तर नीट सांभाळीन. नाही दिलंत तरी लिहिणं थांबवणार नाही."

पेंका म्हणते, शेवटी "तुम्हीही जेवायला या" लिहायला हवं होतं. मी म्हटलं, ती लाच होते. तर म्हणते, घेवड्याची भाजी लाच कधीपासून झाली?

मामा


कामेन्दोल, २० डिसेंबर, इग्नाझदेन

स्नेझिना,

अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे, आनंद मावत नाहीये. आणि पोटात थोडी राकियाही आहे.

परवा खातं परत मिळालं. दोन ओळींचं उत्तर, पण मी ते छापून शेगडीच्या वर चिकटवलंय. गावाने विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा या गावाला कोणीतरी काहीच करू नका म्हणून विनवत होतं.

पण आज इग्नाझदेन, आपला जुना वर्षारंभ. वर्षाचं पहिलं पाऊल ज्याचं घरात पडतं, त्याच्यावर सगळं वर्ष जातं, हे तुला सांगायला नको. त्सोन्का काल म्हणाली, "वेलिच्को, साइट म्हणजेही घरच ना? मग तिच्यात पहिलं पाऊल कोणाचं पडणार? आपण तर जायचं नाही." मी म्हटलं, ज्याचं पडेल त्याचं. ती म्हणाली, मग आम्ही बघायला येणार.

पहाटे सहाला वाचनघर भरलं. गांचोने इंटरनेटचा डबा मांडीवर घेतला होता, कोणाच्या फोनवरून चुकूनसुद्धा कोणी शिरू नये म्हणून. फक्त माझा पडदा चालू, त्यावर तू शिकवलेला, साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारा जगाचा नकाशा.  बोटं सगळ्यांची खिशात. पेंकाने तर मोजे घातले होते हातांत.

सात वाजून दहा मिनिटांनी ठिपका उजळला. चिली नावाच्या देशात, अगदी तळाला. कोणीतरी पिशवी शिवायचं पान उघडलं. मग नळीचं. मग हवा गळते ते. बाळ, तो माणूस पन्नास मिनिटं थांबला! पावाची गाडी येऊन हॉर्न वाजवून वाजवून थकली, एक माणूस हलला नाही. शेवटी त्याचं पत्र आलं. त्याचे आजोबा आमच्याच डोंगरातून गेले होते, त्यांची गाइदा एकोणीस वर्षं भिंतीवर मुकी टांगलेली. लिहिलं होतं, "आज ती बोलली. नीट नाही बोलली, पण बोलली."

त्सोन्काने ओंजळभर गहू घेतला आणि पाहुण्यावर उधळतात तसा उधळला. पाहुणा नव्हता, म्हणून कंप्युटरवर. सगळ्यांनी उधळला. दाणे कळांच्या फटीत गेलेत, एकही कळ दबत नाही, म्हणून हे पत्र पेनाने. त्या माणसाला कळवायला गांचोच्या फोनवरून लिहिलं, की पुढच्या इग्नाझदेनला याच वेळी यायचंय, हे पहिलं पाऊल आता तुझं.

एकाही जाहिरातीला हात न लावता गेला तो. पायगुण म्हणतात तो हा.

मामा

ता. क. त्सोन्काने काल स्टामेनला फोन केला, कंप्युटरवरून नाही, सरळ फोन. तिच्या बदकांसाठी फुगवायचा छोटा तलाव मागवलाय, पुरते पैसे देऊन. तो ईस्टरला घेऊन येतोय. तूही ये, नवऱ्यालाही आण. आणि बरण्या, स्नेझिना. आधीच्या धरून माझ्या सहा बरण्या तुझ्याकडे आहेत.